पहिली दोरी सगळ्यात शेवटी

मागच्या लेखात मी जुने चेनसॉ, म्हणजे साखळीने लाकूड कापायची इंजिनवरची यंत्रं, जमवण्याच्या आणि ते पुन्हा चालते करण्याच्या माझ्या नादाबद्दल लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींना घरात जुनं यंत्र सापडलंय, काहींनी विकत घेतलंय, आणि जवळजवळ प्रत्येकाने ते हातात आल्याआल्या पहिल्यांदा काय केलं असेल तर चालू करायची दोरी ओढली. त्यामुळे या वेळचं पान सगळं याच पत्रांना.

ताई, आजोबांचा होमलाइट एक्सएल-१२ हा चेनसॉ पंचवीसेक वर्षं पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता. दोरी सहज ओढली जाते, प्लग काढून पाहिला तर ठिणगीही पडते. पेट्रोल घालून चालू करून बघू का?

नको. अजून अजिबात नको.

ठिणगी पडते हे वाचून मलाही बरं वाटलं, पण तीच ठिणगी तुम्हाला घाईला पाडणार आहे, म्हणून आधी माझ्यावर काय गुदरलं ते सांगते. माझं दुसरंच यंत्र होतं. मॅककलॉक कंपनीचं, पिवळं, बाहेरून पाहिलं तर कालच खोक्यातून काढलंय असं वाटावं. मी टाकी धुतली, प्लग बदलला, नवं मिश्रण भरलं आणि सहाव्या ओढीला ते चालू झालं. चोक सोडला, चाप दाबला. आवाज चढला, आणि चढतच गेला. चाप सोडला तरी उतरेना. मला वाटलं, काय जोर आहे यंत्रात! मिनिटभरात आवाज एकदम आवळला गेला आणि यंत्र थांबलं. दोरी ओढायला गेले तर हलेना. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून बॅटरीचा उजेड टाकला, तर पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, आणि सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीला पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम लिंपल्यासारखं चिकटलेलं. इतकी वर्षं टिकलेला पिस्टन मी एका मिनिटात घालवला. तो अजून माझ्या टेबलावर आहे. नवीन यंत्र उघडताना मी तो आधी समोर ठेवते.

झालं होतं असं. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. यंत्र वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्या सीलचे ओठ कडक होतात आणि क्रँकवरची पकड सोडतात. मग इंजिन तिथून हवा खातं. हवा वाढली की त्या मानाने पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. इंजिन जास्त वेगाने, जास्त तापून आणि जवळजवळ कोरडं पळतं. चाप सोडूनही आवाज उतरत नसेल तर तो जोर नव्हे, ती धोक्याची खूण आहे. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं.

म्हणून तुमच्या एक्सएल-१२ची दोरी तूर्त तशीच राहू द्या आणि या क्रमाने जा. टाकीतली रबरी नळी आणि तिच्या टोकाचं फिल्टर काढा. नळी बहुधा डांबरासारखी चिकट झालेली असेल, नाहीतर बोटात धरताच तुटेल. दोन्ही टाकून द्या. मग कार्बोरेटर. यात स्कूटरसारखा तरंगणारा फ्लोट नसतो, डायफ्राम, म्हणजे लवणारा पातळ पडदा असतो, म्हणून तर हे यंत्र आडवं-उलटं कसंही धरलं तरी चालतं. झाकणाचे स्क्रू काढून डायफ्राम उघडा पाडा आणि बोटाच्या पेराने त्याच्या मधोमध हलकेच दाबा. चांगला डायफ्राम ओल्या फडक्यासारखा निमूट लवतो. वाळलेला असेल तर कडकड वाजतो आणि दाबलेला तसाच राहतो. पंचवीस वर्षांनी तो वाजणारच, असं धरून चला. त्याच्याखाली एक चिमुकला तरफ आणि सुई असते. सुईच्या टोकावर घासल्याची वळी दिसली तर तीही बदला. डायफ्राम, सुई, स्प्रिंग आणि पॅकिंग एकत्र असलेला संच मिळतो. मात्र तो कार्बोरेटरवर कोरलेल्या नंबरानेच मागवा, चेनसॉच्या नावाने नको, कारण एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळे कार्बोरेटर बसवलेले असतात.

त्यानंतर माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं काम, जे बहुतेक लोक सोडून देतात: दाबाची परीक्षा. एक्झॉस्टवर सायलेन्सरच्या आतून जाड रबराचा तुकडा घट्ट बसवा, कार्बोरेटरच्या जागी तशीच पट्टी लावून तोंड बंद करा, आणि प्लगच्या भोकातून हातपंपाने साधारण अर्धा बार हवा भरा. काटा जागेवर उभा राहिला पाहिजे. उतरायला लागला तर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. फ्लायव्हीलमागे, क्लचमागे, सिलिंडरच्या बुडाशी. बुडबुडे जिथे, चोर तिथे. एवढ्यावर थांबू नका. पंप उलटा लावून हवा ओढूनही बघा. काही सील आतून दाब आला की घट्ट बसतात, पण हवा आत ओढली जाताना उघडतात, आणि इंजिन चालताना दोन्ही गोष्टी आळीपाळीने होत असतात. माझ्या मॅककलॉकने बहुधा नुसत्या दाबाची परीक्षा पास केली असती.

शेवटी पॉइंट, म्हणजे ज्यांच्या उघडझापीवर ठिणगी पडते ते दोन संपर्क. ते फ्लायव्हीलखाली असतात. तुमची ठिणगी आज पडते, पण पॉइंटवर करडा थर असेल तर यंत्र तापल्यावर ती दगा देईल. अगदी बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन-तीनदा फिरवा, मग स्पिरिटमध्ये भिजवलेला कोरा कागद दोन्ही पॉइंटमध्ये धरून ओढून घ्या, म्हणजे पॉलिश पेपरची पूड आत राहणार नाही. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना त्यांच्यात ०.३८ मिलिमीटर फट ठेवा. फ्लायव्हील परत बसवताना त्याला क्रँकवर नेमक्या जागी धरणारी छोटी चावी अर्धवट कातरलेली नाही ना, ते भिंगाखाली बघा. चावी केसभर सरकली तरी ठिणगी भलत्या वेळी पडते आणि आपण मात्र कार्बोरेटरला दोष देत बसतो.

हे सगळं झालं की दोरी ओढा. माझं स्वतःचं काम एका यंत्रावर साधारण दोन-तीन आठवडे चालतं. चालू करण्याचा दिवस त्यातला शेवटचा.

पिस्टन पूर्ण जाम आहे. मित्र म्हणतो, प्लगच्या भोकातून लोखंडी सळी घालून वरून हातोडीने ठोक, सुटेल. ठोकू का?

सळीही नको आणि हातोडीही नको. पिस्टनचा माथा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, त्याला खड्डा पडेल नाहीतर भोक.

आधी सायलेन्सर काढून आत बघा. रिंगांवर गंज दिसतो की ओरखडे दिसतात, यावर पुढचं सगळं ठरतं. गंज असेल तर आशा आहे. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मंनिम्म करून प्लगच्या भोकातून ओता आणि विसरून जा. आठवडाभर, दोन आठवडे. अ‍ॅसिटोन उडून जातं, म्हणून मधूनमधून थोडं नवं घाला. हे काम मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून लांब करा. मग फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून मागेपुढे डुलवा, जोर लावू नका. एका सुताने जरी हललं तरी त्या दिवशी तिथेच थांबा आणि पुन्हा मिश्रण घाला. माझ्याकडचा एक सिलिंडर सतराव्या दिवशी सुटला. रिंगा वाचल्या नाहीत, पण सिलिंडर वाचला, आणि जुन्या यंत्रात खरी दुर्मीळ वस्तू सिलिंडरच असते.

क्लच काढायची वेळ आली तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. बहुतेक चेनसॉंच्या क्लचला उलटे आटे असतात, म्हणजे तो उजवीकडे फिरवला की सैल होतो. हे माहीत नसताना लांब पाना लावून क्रँकची टोकं तोडलेली मी पाहिली आहेत. दुसरं, क्रँक फिरू नये म्हणून पिस्टन अडवावा लागतो, त्यासाठी सुती दोरी प्लगच्या भोकातून आत भरा. एक टोक बाहेर ठेवायला विसरू नका. दोरी पिस्टनला मऊ उशीसारखी पडते आणि काम झालं की ओढून काढता येते.

ओरखडे असतील तर सिलिंडर उतरवावाच लागेल. भिंतीला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम आम्लाने काढायचा उपाय अनेकजण सुचवतील. पहिल्याच यंत्रावर त्या वाटेला जाऊ नका. आम्ल सिलिंडरच्या क्रोमच्या थरालाही खातं, आणि तो थर एकदा सुटला की परत बसत नाही. बारीक पॉलिश पेपर, थोडं ऑइल आणि बोट, यांनी वेळ लागतो पण काम होतं.

यंत्राच्या अंगावर पांढरी भुकटी जमली आहे, जागोजागी खड्डे पडलेत. व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करणार आहे. किती वेळ ठेवू?

हे पत्र वाचून मी त्याच दिवशी उत्तर पाठवलं, तरी इथेही लिहिते, कारण ही चूक फार होते. एक मिनिटही ठेवू नका.

ते अंग अ‍ॅल्युमिनियमचं नाही, मॅग्नेशियमचं आहे. जुन्या कारखान्यांनी वजन उतरवण्यासाठी मॅग्नेशियमच्या ओतीव भागांचा आधार घेतला. अ‍ॅल्युमिनियमच्या एका घनसेंटिमीटरचं वजन २.७ ग्रॅम भरतं, मॅग्नेशियमचं १.७४. दिवसभर यंत्र उचलणाऱ्याला हा फरक खांद्यात कळतो. पण मॅग्नेशियम बहुतेक आम्लांत विरघळतं. व्हिनेगरमध्ये ते अक्षरशः फसफसतं. गंज काढायची तयार रसायनंही बहुधा आम्लच असतात, तीही नकोत. साधी भांडी घासायची साबणाची पावडर, कोमट पाणी, नायलॉनचा ब्रश. भुकटी पितळेच्या ब्रशने कोरडी खरवडा, धुऊन लगेच पुसा, पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा हात मारा. उघडं मॅग्नेशियम रात्रभरही तसं ठेवू नये.

आणखी एक, आणि हे गांभीर्याने घ्या. ग्राइंडर लावला की त्याची जी बारीक पूड उडते, ती पेटू शकते. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर हायड्रोजन तयार होऊन आग भडकते. माझ्या टेबलाखाली कोरड्या वाळूची बादली कायम भरलेली असते. मॅग्नेशियमवर मी ग्राइंडर चालवतच नाही, हाताने कानस मारते आणि पूड लगेच गोळा करते.

लोखंडी स्क्रू मॅग्नेशियममध्ये रुतून बसतात ते याच दोन धातूंच्या वैरामुळे. तिथे ओल आली की मॅग्नेशियम आधी झिजतं. जोराने पिळाल तर स्क्रू येईल, पण सोबत आटेही घेऊन येईल. गरम हवेच्या बंदुकीने आजूबाजूचा भाग तापवा, थोडं निवू द्या, पुन्हा तापवा, मग प्रयत्न करा. विस्तव नको. परत बसवताना प्रत्येक स्क्रूला ग्रीसचं बोट लावा.

यंत्रावरच्या पट्टीवर १६:१ ऑइल लिहिलंय. नव्या ऑइलच्या बाटलीवर ५०:१. कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही पूर्ण नाही. १६:१ हा हिशोब एसएई ३० या साध्या इंजिन ऑइलचा होता, म्हणजे लिटरमागे साडेबासष्ट मिली. आजचं चांगलं टू-स्ट्रोक ऑइल त्यापेक्षा खूप सरस आहे. मी जुन्या यंत्रांना ३२:१ देते, लिटरमागे ३१ मिली. एवढं मात्र समजून घ्या की ऑइल वाढवलं म्हणजे यंत्र जास्त सुरक्षित झालं असं नसतं. त्याच नोझलमधून ऑइल जास्त गेलं तर पेट्रोल तेवढं कमी जातं. ऑइलचं प्रमाण बदललं की कार्बोरेटर पुन्हा लावावा लागतो. आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत ठेवून यंत्र फडताळात ठेवू नका. ते ओल ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. टाकी रिकामी करा, मग यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

मी अभियांत्रिकीला आहे. कुठलंही नाव, नंबर नसलेलं यंत्र हातात आलं तर ते कोणत्या काळातलं हे तुम्ही कसं ओळखता?

छान प्रश्न विचारलास. मी तीन जागा बघते: साखळी, गिअर आणि कार्बोरेटर.

साखळीचा दात सगळ्यात बोलका असतो. दातेरी साखळीने कापायची कल्पना मुळात लाकडासाठी आलीच नव्हती. १८३०च्या सुमारास बर्नहार्ड हायने या जर्मन वैद्याने हाड कापायला हाताने फिरवायचं साखळीचं अवजार केलं होतं. लाकडाच्या यंत्रांवरच्या सुरुवातीच्या साखळ्यांना हातकरवतीसारखे सरळ, ओरबाडणारे दात होते. ते सारखे बोथट व्हायचे आणि कानस मारण्यात अर्धा वेळ जायचा. १९४६ साली जो कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने एका खोडात लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती उभ्या रेषांना जुमानत नव्हती, आडव्या रेषांनाही नाही, डावा जबडा एकदा, उजवा जबडा एकदा, अशी सरळ पुढे जात होती. त्याने ते जबडे धातूत उतरवले. एक दात डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे, आणि दोन्ही ओरबाडण्याऐवजी तासणारे. १९४७ मध्ये ऑरेगॉन राज्यातल्या पोर्टलँडमध्ये, घराच्या तळघरात त्याने ती साखळी बनवून विकायला सुरुवात केली. आज कुठलाही चेनसॉ उघड, त्यावरचा दात त्या अळीचाच वंशज निघेल. तुझ्या यंत्रावर ओरबाडणारे सरळ दात असतील आणि साखळी मूळची असेल, तर यंत्र बहुधा त्याआधीचं किंवा त्याच सुमाराचं.

दुसरी जागा गिअर. आधीची यंत्रं प्रचंड जड होती आणि दोन माणसं लागायची. आंद्रेयास श्टील यांचं १९२६ चं विजेवरचं यंत्र ६४ किलोंचं, १९२९ चं पेट्रोलवरचं ४६ किलोंचं. एमिल लेर्प यांनी १९२७ मध्ये जर्मनीतल्या थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर आपलं ५८ किलोंचं पेट्रोल यंत्र चालवून पाहिलं आणि त्या डोंगराचंच नाव कंपनीला दिलं. १९५० मध्ये श्टीलचं एका माणसाने चालवायचं बीएल मॉडेल आलं, १६ किलोंचं. या काळात इंजिन आणि साखळी यांच्यामध्ये बऱ्याच यंत्रांत गिअर असायचे. मग १९५९ मध्ये श्टील कॉन्ट्रा आलं: गिअर नाहीत, साखळी थेट क्रँकवरून फिरते, ६ अश्वशक्ती, वजन १२ किलो. माझ्याकडे एक कॉन्ट्रा आहे. त्याच्या शेजारी गिअरवालं यंत्र ठेवून दोन्हींची दोरी पाठोपाठ ओढली तर न बघताही कळतं कुठलं कुठलं. एकाचा सूर खोल आणि संथ, दुसऱ्याचा तीक्ष्ण.

कार्बोरेटरचं वर आलंच आहे. फ्लोटचा असेल तर यंत्र जुनं. फ्लोटला आडवं होणं चालत नाही, म्हणून खोड आडवं कापायचं तर त्या यंत्रांत पट्टी (साखळी जिच्या कडेने फिरते ती) किंवा कार्बोरेटर फिरवून घ्यायची सोय करावी लागायची. असं फिरणारं मानेचं कडं दिसलं की मी समजून जाते.

रंग जागोजागी उडालाय. पूर्ण उतरवून नवा मारू का? मुलगा म्हणतो, चकचकीत झालं पाहिजे.

मुलाला सांगा, नवा रंग केव्हाही मारता येईल, जुना परत आणता येणार नाही.

माझ्याकडे एक यंत्र आहे, त्याच्या पुढच्या मुठीवरचा रंग एका विशिष्ट जागी पूर्ण गेलाय, आणि ती जागा नेहमीपेक्षा बरीच डावीकडे आहे. ते वापरणाऱ्याने ते वर्षानुवर्षं तिथेच धरलं. मी हात ठेवते तेव्हा माझा पंजा नेमका त्या झिजेत बसतो. ती मूठ मी रंगवली असती तर त्या माणसाबद्दल मला जे एवढंसं कळलं तेही पुसलं गेलं असतं. म्हणून माझा रिवाज असा: धुवायचं, गंज थांबवायचा, उघड्या पडलेल्या जागा झाकायच्या, जुनी चिन्हं आणि नंबरची पट्टी यांना हात लावायचा नाही. मॅग्नेशियम फार खाल्लं गेलं असेल किंवा आधीच कुणीतरी भलत्या रंगाने रंगवलं असेल, तरच पूर्ण उतरवते. तेव्हा मात्र पेट्रोलला दाद न देणारा, दोन भाग मिसळून मारायचा रंग घ्या. साध्या डब्यातला रंग टाकीचं झाकण पहिल्यांदा उघडाल तेव्हाच ओघळेल. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेही ओलं करूनच खरवडा आणि तोंडावर चांगला मास्क लावा.

दुरुस्त केलेल्या १९५०च्या दशकातल्या यंत्राने घरचं लाकूड कापायचा विचार आहे. धार उत्तम आहे.

धार उत्तम आहे म्हणूनच मला काळजी वाटते. त्या यंत्राला साखळीचा ब्रेक नाही. तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आला. पुढच्या मुठीसमोर हात अडवणारा गार्डही बहुधा नसेल. पट्टीचं वरचं टोक लाकडाला टेकलं की यंत्र उलटून तोंडाकडे येतं, आणि ते डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. नव्या यंत्रात ब्रेक साखळी थांबवतो. तुमच्यात साखळी थांबवायला काहीच नाही.

शिवाय मुठीत कंप शोषणारं रबर नाही. ते १९६०च्या दशकात यायला लागलं, हुस्कव्हार्ना कंपनीने १९६९ च्या १८० मॉडेलमध्ये ते यंत्राच्या रचनेतच घेतलं. त्याआधी दिवसभर चेनसॉ चालवणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडायची, बधिर व्हायची, आणि बऱ्याचजणांच्या बोटांत ती संवेदना पुन्हा पूर्ण आलीच नाही.

मी माझी जुनी यंत्रं दाखवण्यापुरती चालवते: घट्ट बांधलेला ओंडका, कमरेच्या उंचीवर, पट्टीच्या मधल्या भागाने दोन-तीन काप, पायात संरक्षक पँट, डोक्यावर जाळीचं हेल्मेट, कानांवर कर्णरक्षक, आणि बघणारे दहा पावलं लांब. रोजच्या लाकडाला नवं यंत्र वापरा. हे मी विनंती म्हणून नाही, मोठी बहीण म्हणून बजावते.

जागा थोडी आहे. जमवायला काय घेऊ?

एकाच कारखान्याची किंवा एकाच दशकाची यंत्रं घ्या. सुटे भाग एकमेकांना चालतात आणि हाताला सवय होते. माझं मन मॅककलॉकवर आहे, थोडं मी घालवलेल्या त्या पिस्टनच्या ऋणामुळेही. या कंपनीचे संस्थापक रॉबर्ट मॅककलॉक यांनीच १९६८ मध्ये लंडन ब्रिज विकत घेतला आणि दगड दगड करून अ‍ॅरिझोनातल्या लेक हवासू सिटीत नेऊन उभा केला, आणि त्यांच्या चेनसॉची इंजिनं रेसिंगच्या गो-कार्टवरही चढली होती. दुर्मीळ म्हणाल तर डोलमारचं केएमएस-४. त्यात पिस्टनच नाही, वांकेलचं फिरतं इंजिन आहे. ते हाती लागलं तर जरूर घ्या, पण सुरुवात त्याने करू नका. पहिलं यंत्र असं घ्या ज्याचे भाग अजून मिळतात आणि ज्याचा भागांचा सचित्र तक्ता तुमच्या हाती आहे.

तुमच्या जुन्या सल्ल्याप्रमाणे सील, डायफ्राम, पॉइंट सगळं केलं. काल यंत्र चालू झालं! आता कार्बोरेटर कानाने कसा लावायचा?

मनापासून अभिनंदन. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

दोन्ही स्क्रू, एच (जास्त वेगाचा) आणि एल (कमी वेगाचा), हलकेच टेकेपर्यंत बंद करा, आवळू नका, आवळले तर आतली बैठक खराब होते. मग दोन्ही एकेक फेरा उघडा. यंत्र चांगलं तापू द्या. आधी एल: चाप झटकन दाबला की यंत्र अडखळता कामा नये. मग चाप पूर्ण दाबून, साखळी हवेत असताना, एच हळूहळू उघडा. स्वच्छ किंकाळीसारखा आवाज असेल तर पेट्रोल कमी आहे, तिथे दोन सेकंदही थांबू नका. उघडत जा, आणि एका जागी आवाज फाटतो. फडफडल्यासारखा, जरा जाडसर, मध्येच एक ठोका गाळल्यासारखा. ती जागा हवी. आता साखळी लाकडात घाला. भार पडताच फडफड जाऊन आवाज एकसंध व्हायला हवा, आणि लाकडातून बाहेर काढताच फडफड परत यायला हवी.

मग यंत्र बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि प्लग काढून टोकाचा रंग बघा. कोरड्या तपकिरी मातीसारखा असेल तर उत्तम. काळा आणि ओला असेल तर एच किंचित बंद करा. पांढरा असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय. मला कळवा, आणि तोवर दोरीला हात लावू नका.